खवचट शुभेच्छापत्र

जवळच्या मित्राला किंवा मैत्रिणीला वाढदिवशी दिले जाणारे, गोड शब्दांऐवजी वय, टक्कल, आळस, विसराळूपणा अशा उघड गोष्टींवर बोट ठेवणारे शुभेच्छापत्र. त्याचा विनोद बहुधा घडीत असतो: बाहेरच्या पानावर सभ्य वाक्य, आत त्याची विकेट. बाहेर ‘तू अजिबात म्हातारा दिसत नाहीस’. उघडले की ‘चष्मा घरी राहिलाय.’ आतल्या ओळीला उद्गारचिन्ह लावले की निम्मी मजा जाते. ती मख्ख चेहऱ्यानेच यावी लागते.

याचा दूरचा आणि बराच दुष्ट नातेवाईक म्हणजे एकोणिसाव्या शतकातील ‘व्हिनेगर व्हॅलेंटाइन’. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र पाठवण्याची सोय झाली. त्याला स्वस्त छपाईची जोड मिळाली आणि टवाळ चित्रे व चार ओळींचे यमक असलेले हे कागद तिथे आणि अमेरिकेत खपू लागले. लांब नाक, कंजूषपणा, दारू, लग्न न होणे, कशाचीही टर उडवली जाई. पाठवणारा नाव घालत नसे. मित्राच्या कार्डातला मजकूर कधीकधी तितकाच बोचरा असतो, पण खाली सही असते. सगळा फरक त्या सहीचा.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर उंच, अरुंद आकाराची, खवचट विनोदाची ‘स्टुडिओ कार्डे’ निघाली. तोवर बाजारात फुले, रिबिनी आणि यमके यांचाच सुळसुळाट होता. १९५० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनीही हा बाज उचलला. क्लीव्हलंडच्या अमेरिकन ग्रीटिंग्जची ‘हाय ब्राउज’ ही मालिका त्यातलीच. पुढे व्यंगचित्रकार म्हणून गाजलेला रॉबर्ट क्रम्ब १९६० च्या दशकात याच कंपनीत कार्डे रेखाटण्याची नोकरी करत होता. कॅन्सस सिटीच्या हॉलमार्कने १९८६ मध्ये ‘शूबॉक्स’ ही खास विनोदी शाखा काढली.

या कार्डांत वयाचाच विषय इतका का, याचे कारण व्यापारी आहे. छापील कार्ड हजारो अनोळखी माणसांना विकायचे असते, आणि वाढदिवशी वय सगळ्यांचेच वाढते. तुमचा मित्र बारावीला कॉपी करताना सापडला होता, हे हॉलमार्कला ठाऊक नसते. म्हणून खरी झोंबते ती छापील मजकुराखाली हाताने लिहिलेली ओळ.

भारतात कार्डांची हौस वाढवण्यात १९७९ साली दिल्लीत सुरू झालेल्या आर्चीज या कंपनीचा मोठा वाटा. मजकूर इंग्रजी असे. टोमणा मराठीत, बॉलपेनने, कोपऱ्यात.

मराठीतला अस्सल नमुना मात्र कार्डावर नाही, फ्लेक्सवर आणि व्हॉट्सअॅपवर सापडतो, आणि त्याची चाल नेमकी उलटी आहे. अमेरिकन कार्ड मित्राला खाली खेचते; मराठी मित्र त्याला वर चढवतो. एरवी ‘ए गाढवा’ म्हणून हाक मारला जाणारा पोरगा त्या दिवसापुरता ‘मा. श्री.’ होतो. ‘लाखो दिलांची धडकन’, ‘मित्रांसाठी कधीपण, कुठेपण’, ‘भावी नगरसेवक’ अशी विशेषणे चढत जातात आणि शेवटी ‘ट्रकभर शुभेच्छा’ ओतल्या जातात. फोटो मुद्दाम झोपेतला किंवा तोंडात वडा कोंबलेला निवडतात. अलंकारशास्त्रात निंदेच्या मिषाने स्तुती आणि स्तुतीच्या मिषाने निंदा या दोन्हींना व्याजस्तुती हे एकच नाव आहे. पहिली बाजू क्लीव्हलंडची धरली, तर दुसरी आपल्या चौकातली.

हा मजकूर खऱ्या नेत्यांच्या वाढदिवस-फ्लेक्सची नक्कल असतो, पण मूळ आणि नक्कल शेजारी लावली तर परक्याला फरक कळेलच असे नाही. तो कळतो खालच्या ‘शुभेच्छुक’ या यादीवरून. खऱ्या फ्लेक्सवर तिथे पदाधिकारी रांगेने उभे असतात. मित्रांच्या फ्लेक्सवर ‘समस्त उधारीवाले, टपरी कट्टा’.