व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डची मर्यादा आणि ‘पहिला पाठवणारा’ कोण हा वाद

मेसेज मुळात कुणी टाकला ते कंपनीने सांगायलाच पाहिजे का, हा वाद अधूनमधून परत निघतो, तो समजायचा तर २०१८ पर्यंत मागे जावं लागतं. अफवा आपल्याला नवीन नाहीत. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितोय ही बातमी एका दिवसात देशभर आणि परदेशातल्या देवळांपर्यंत गेली, ती साध्या फोनवरून आणि एसटीडी बूथवरून. पण तेव्हा सांगणारा आवाजावरून तरी कळायचा. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि गावोगाव कोणाचं कोणाला माहीत नाही असे व्हिडिओ फिरायला लागले.

त्यातला एक मुलं पळवणाऱ्यांचा. बाइकवरून दोघं येतात आणि गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात. ही खरं तर कराचीत जनजागृतीसाठी केलेली फिल्म होती, शेवटी ते पोर परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, पण तेवढाच भाग कुणीतरी कापला. अशा क्लिपांवरून अनेक राज्यांत माणसं मारली गेली. आपल्याकडे १ जुलै २०१८ ला, बाजाराच्या दिवशी, धुळ्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. ‘व्हॉट्सअ‍ॅपचे बळी’ असं म्हणून हा विषय संपवतात ते मला पटत नाही. क्लिप फोनने पोचवली हे खरं, पण भिक्षेकऱ्याकडे चोर म्हणून बघायची सवय १८७१ च्या, जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याइतकी तरी जुनी आहे.

त्यानंतर सरकारने कंपनीला खडसावलं, त्याच जुलैत ‘फॉरवर्डेड’ हे लेबल आलं आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं ठरलं, २०१९ च्या जानेवारीत तेच जगभर लागू झालं, आणि कोरोनात, एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाऊ लागला.

खरा गुंता फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत आहे. ५० लाखांच्या वर युजर असलेल्या मेसेजिंग कंपनीने, कोर्टाचा किंवा अधिकाऱ्याचा आदेश आला तर, मेसेजचा ‘पहिला पाठवणारा’ शोधून द्यायचा, म्हणजे देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, मुलांचं लैंगिक शोषण अशा गंभीर गुन्ह्यांपुरतं. ऐकायला बरोबर वाटतं, पण त्याच नियमात पुढे लिहिलंय की मूळ पाठवणारा परदेशात असेल तर भारतात ज्याने तो मेसेज पहिल्यांदा पाठवला तोच ‘पहिला’ मानायचा. आता ती कराचीची क्लिप घ्या. फिल्म बनवणारे तिकडचे, शेवट कापणारा कोण आणि कुठला ते माहीत नाही, आणि इथे काळजीपोटी बहिणीला पहिल्यांदा पाठवणारी एखादी आई कागदावर ‘पहिला पाठवणारा’ ठरू शकते. शिवाय कोणी काय पाठवलं हे शोधायची सोय एकासाठी केली की ती सगळ्यांच्याच मेसेजवर ठेवावी लागते, एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच मेसेज वाचता येऊ नये म्हणून त्याला लावलेलं कुलूप, ते मोडल्याशिवाय हे होत नाही असं कंपनीचं म्हणणं, आणि मे २०२१ मध्ये ती दिल्लीच्या हायकोर्टात गेली. एन्क्रिप्शनला हात न लावता करता येतं असं सरकार म्हणतं. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या वकिलांनी कोर्टात सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही इथून जाऊ.

अ‍ॅडमिनचं काय, हेही लोक याच्यात मिसळतात. गोंदियाच्या एका प्रकरणात २०२१ साली नागपूर खंडपीठाने सांगितलं की दुसऱ्याने टाकलेल्या पोस्टसाठी नुसतं अ‍ॅडमिन असणं हा गुन्हा नाही, आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी.

या सगळ्या काळात फॉरवर्डची मर्यादा कमी होत गेली, पण ग्रुप वाढत गेले. राईनपाड्याच्या वेळी एका ग्रुपमध्ये २५६ जण मावायचे, २०२२ च्या शेवटापासून १०२४ मावतात.