व्हिसाची मुदत वेगळी, राहायचे दिवस वेगळे

युरोपात सायकल न्यायचं ठरलं की पॅनियर (कॅरियरला लटकवायच्या पिशव्या) कुठले, टायर कुठले यात आपले दोन महिने जातात, आणि पासपोर्टवरचं शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) स्टिकर आपण नीट वाचतो कधी, तर विमानात बसल्यावर. त्यावर दोन गोष्टी असतात आणि भलेभले त्या एकच समजतात.

पहिली म्हणजे फ्रॉम-अनटिल या तारखा. या दोन तारखांच्या आधी शिरायचं नाही आणि नंतर थांबायचं नाही, एवढाच त्यांचा अर्थ. दुसरी म्हणजे ड्युरेशन ऑफ स्टे, तिथे दिवसांचा आकडा असतो, तेवढेच दिवस आत राहता येतं. समजा तारखा १ मे ते १४ जून आहेत आणि आकडा ३०. तारखा बघून लोक म्हणतात वा, ४५ दिवस मिळाले! नाही मिळाले. १ मेला उतरलात तर ३० मे शेवटचा दिवस, १० मेला उतरलात तर ८ जून, आणि सुट्टी मिळेना म्हणून २५ मेला उतरलात तर ३० सुद्धा नाहीत, १४ जूनला मुदतच संपते, हातात २१ राहतात. रात्री अकराला उतरलात तरी तो अख्खा दिवस धरतात, निघायचा दिवसही धरतात. म्हणजे सायकल जोडणं, परतीसाठी सायकलच्या दुकानातून खोका मिळवणं हे सगळं त्या तिसातच, त्यामुळे मी तर पेडलिंगचे सव्वीसच धरीन.

जर्मनीतलं पासाऊ ते व्हिएन्ना ते बुडापेस्ट, डॅन्यूबच्या काठाने साधारण साडेसहाशे किमी, रोज साठ धरले तर अकरा दिवसांत होतं, समोरून वारा आला तरी तीस दिवसांत आरामात. खरी भानगड पुढे, युरोव्हेलो ६ या लांब पल्ल्याच्या सायकल मार्गावरून काळ्या समुद्राकडे निघालात की. कारण वाटेत सर्बिया येतो आणि तो शेंगेनमध्ये नाही. तिकडे गेलात की शेंगेनचे दिवस मोजायचे थांबतात हे खरं, पण परत आत यायला स्टिकरवर एन्ट्रीच्या जागी ०२ (दोनदा प्रवेश) किंवा मल्ट (कितीही वेळा प्रवेश) हवं. ०१, म्हणजे एकदाच प्रवेश, असेल तर बाहेर पडल्यावर व्हिसा संपला, वीस दिवस शिल्लक असले तरी. पुढे रुमानियात शिरता येणार नाही, कारण जानेवारी २०२५ पासून तिथली जमिनीवरची सीमाही शेंगेनची झाली.

आणि वर्षभराचा मल्ट असला तरी वर्षभर राहता येत नाही बरं का, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०.

०१ वाल्यांनी हंगेरीतल्या मोहाचहून क्रोएशियात उतरावं, तो २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. ओसियेक, वुकोवार करत इलोकपर्यंत जाता येतं. तिथे डॅन्यूबवर पूल आहे आणि पलीकडे सर्बिया. अलीकडूनच फोटो काढायचा आणि सायकल वळवायची.