नाकारलेल्यांची नोंद कुणाकडे?

धुणीभांडी करणाऱ्या बाईचा अंगठा रेशनच्या मशीनवर का लागत नाही, याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असताना, साधारण सहाव्या महिन्यापर्यंत, कायमच्या ठरतात. पुढे बोट वाढतं, रेषांची नक्षी तीच राहते. रेशन दुकानात दिसणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये काचेच्या खालून प्रकाश सोडलेला असतो. कातडीचा उंचवटा जिथे काचेला चिकटतो तिथून प्रकाश बाहेर निसटतो. दोन उंचवट्यांमधल्या खोलगट जागेत हवा असते, तिथे तो पूर्णपणे परावर्तित होऊन कॅमेऱ्याकडे परततो. या काळ्या-पांढऱ्या फरकातून बोटाचं चित्र उमटतं. पण रोज चार घरची भांडी घासून साबणाने कोरडे पडलेले, झिजलेले उंचवटे काचेला नीट टेकतच नाहीत. सिमेंट कालवणाऱ्या गवंड्याचं तेच होतं, कारण ओलं सिमेंट चांगलंच अल्कधर्मी असतं आणि कातडी खातं. नक्षी तीच असते, माणूसही तोच असतो, चित्र मात्र फिकट येतं.

मग मशीन काय करतं? ते ‘हो’ किंवा ‘नाही’ असं थेट ठरवत नाही. आलेलं चित्र आणि साठवलेलं चित्र किती जुळतं याचे गुण देतं. किती गुणांना माणूस ओळखला म्हणायचं, ती रेषा माणसांनी आखलेली असते. रेषा वर नेली की तोतया आत शिरण्याची शक्यता घटते, पण खऱ्या माणसाला परत पाठवण्याची शक्यता वाढते. खाली आणली की उलटं होतं. बारीक भोकांची चाळण घेतली तर खडे वर अडकतात, पण टपोरा दाणाही अडकतो. दोन्ही चुका एकदम शून्य करणारी चाळण संख्याशास्त्रात नाही. चांगलं यंत्र आणलं, चांगलं चित्र घेतलं तर दोन्ही कमी होतात. तरीही दोन चुकांपैकी कोणती जास्त सोसायची हा निर्णय उरतोच, आणि तो निर्णय तंत्रज्ञानाचा नसतो.

माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडे या दोनपैकी एकच चूक मोजली जाते. किती बोगस कार्डं रद्द झाली याचे आकडे जाहीर होतात. सर्व्हरवर फसलेल्या प्रयत्नाची तांत्रिक नोंद राहतेही. पण मुंबईतल्या गोवंडीची एक बाई त्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन परत गेली, दुसऱ्या दिवशी कामावर खाडा नको म्हणून आली नाही, आणि त्या महिन्यात तिच्या दोन मुलांच्या वाट्याचं दहा किलो धान्य गेलं, याला कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही.

मोजलं तर काय दिसतं, हे झारखंडच्या अभ्यासातून कळतं. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथे काही तालुक्यांत रेशनला अंगठ्याची सक्ती आधी आणि काहींत नंतर, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून फरक तपासला. सक्तीने सरासरी गळती, म्हणजे लाभार्थ्यापर्यंत न पोचता वाटेतच गायब होणारं धान्य, कमी झाली नाही. मात्र सुमारे 23 टक्के लाभार्थ्यांचं आधार रेशन कार्डाला आधीपासून जोडलेलं नव्हतं, आणि त्यांना मिळणारा लाभ सुमारे 10 टक्क्यांनी घटला. याच संशोधकांनी त्याआधी आंध्र प्रदेशात रोजगार हमी आणि पेन्शनसाठीच्या बायोमेट्रिक स्मार्टकार्डांचा अभ्यास केला होता. तिथे पैसे लवकर मिळाले, गळती घटली आणि लोकांनाही कार्डं आवडली. आंध्रात कार्ड नसलेल्यांसाठी जुनी वाट बंद केलेली नव्हती, हा त्यातला मोठा भेद. म्हणून मी यंत्राच्या विरोधात नाही. दुसरं दार बंद करण्याच्या मात्र ठाम विरोधात आहे.

मुलांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांच्या बोटांवर रेषा पक्क्या असतात, पण इतक्या जवळजवळ असतात की नेहमीच्या यंत्राला त्या सुट्या दिसत नाहीत. मोठ्यांसाठी इंचाला 500 बिंदूंचं चित्र पुरतं. त्यात मोठ्या माणसाच्या दोन रेषांमध्ये नऊ-दहा बिंदूंचं अंतर पडतं, तान्ह्या मुलाच्या चार-पाचच बिंदूंचं. बोटांच्या ठशांचे संशोधक अनिल जैन यांच्या चमूने आग्र्याजवळ दयालबागच्या रुग्णालयात लहान मुलांचे ठसे घेऊन दाखवलं की 1,270 बिंदूंचं यंत्र वापरलं तर सहा महिन्यांवरच्या मुलांनाही विश्वासाने ओळखता येतं. दुकानात किंवा आधार केंद्रावर ते यंत्र नसतं. त्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार बोटांशिवाय, आईवडिलांच्या आधाराला जोडून निघतं. पाच पूर्ण झाली की बोटं आणि डोळे द्यायचे, पंधराव्या वर्षी पुन्हा द्यायचे. पाच ते सात या वयात हे अद्ययावत करणं मोफत आहे. हे माहीत नसेल तर मूल शाळेत जायला लागतं त्याच सुमारास त्याचं आधार अडू लागतं.

आणि बोट ही एकच पायरी झाली. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घरातलं मूल योजनेपर्यंत पोचायला साधारण काय लागतं? जन्मदाखला, मुलाचं आधार, राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डावर नाव आणि आधारला जोडलेलं बँक खातं. अशा सहा पायऱ्या धरू. प्रत्येक पायरीवर 100 पैकी 95 जण सुखरूप पुढे जातात असं मानू. कुठलाही अधिकारी हे प्रमाण उत्तम म्हणेल. पण 0.95 ला स्वतःशी सहा वेळा गुणलं की 0.735 येतं. म्हणजे शेवटी 100 पैकी 26 मुलं बाहेर राहिली, आणि एकाही टेबलावर कुणी वाईट काम केलेलं नाही. हा हिशेब प्रत्येक पायरी स्वतंत्र आहे असं धरून केलेला आहे. प्रत्यक्षात तशी ती नसते. खोलीमालक भाडेकरार करून देत नाही म्हणून राहण्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून पुढचं काहीच नाही. एकूण अपयश त्यामुळे कदाचित थोडं कमी भरेल, पण जे भरेल ते पुन्हा पुन्हा त्याच घरांत जाऊन बसेल.

नवऱ्याने टाकलेल्या बाईचं उदाहरण घ्या. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा बदलतं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसरं. नवऱ्याच्या कार्डावरून नाव कमी करून घ्यायला त्याच घरी जावं लागतं, जिथून ती निघून आली. बालसंगोपन योजनेत एक पालक असलेल्या मुलाला महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात; ते सर्वांत जास्त जिच्या मुलाला हवेत, तिचेच कागद सर्वांत विस्कटलेले असतात.

उत्पन्नाच्या मर्यादांबद्दलही बोलायला हवं. अन्नसुरक्षा कायदा राज्यात लागू झाला तेव्हा प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे स्वस्त धान्याला पात्र घरासाठी, शहरातली मर्यादा वर्षाला 59,000 रुपये ठरली. म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. सर्वांत गरीब घरांच्या पिवळ्या कार्डाची मर्यादा वर्षाला 15,000 रुपये. मुंबईत चार घरची कामं करणारी बाई या आकड्यांत खरं बोलून बसणं जवळपास अशक्य आहे. त्यात राज्याला मिळालेला इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती लोकांना हे धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा, सुमारे 7 कोटी लोकांचा, तोही 2011 च्या जनगणनेवरून बांधलेला. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. आज शाळेत जाणारं जवळजवळ प्रत्येक मूल 2011 च्या गणतीनंतर जन्मलेलं आहे. नाव चढवायला गेलेल्या आईला ‘इष्टांक शिल्लक नाही’ असं सांगितलं जातं तेव्हा त्यामागे हा हिशेब असतो.

या सगळ्या खेपांची किंमत खाड्यात मोजता येते, पण ती डोक्यातही मोजावी लागते. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शाफिर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूच्या 464 ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास मांडला. तोच शेतकरी उसाचे पैसे हातात यायच्या आधी, ओढाताणीच्या दिवसांत, साध्या आकलनाच्या चाचण्यांत कमी पडला आणि पैसे आल्यावर सुधारला. चिंता मनाची जागा अडवते, असा त्यांचा निष्कर्ष. नंतरच्या काही अभ्यासांत हा परिणाम तितका दिसला नाही, त्यामुळे आकड्यांवर मी जोर देणार नाही. पण लाभार्थी ‘निष्काळजी’ असतात असं सहज म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःला विचारावं, की अशा ओढाताणीत आपलं डोकं किती चाललं असतं?

मुलाचा मेंदू मात्र कागद पूर्ण होईपर्यंत थांबत नाही. पाचव्या वर्षाच्या सुमारास, शरीर विश्रांतीत असताना लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास दोन तृतीयांश एकटा मेंदू वापरतो. उंचीची वाढ खुंटते ती प्रामुख्याने पहिल्या दोन वर्षांत, आणि नंतर ती पुरती भरून निघणं कठीण असतं. ग्वाटेमालात 1969 ते 1977 या काळात काही गावांतल्या मुलांना प्रथिनयुक्त लापशी आणि इतर गावांतल्या मुलांना नुसतं गोड पेय दिलं गेलं. तीसेक वर्षांनी शोध घेतला तेव्हा तीन वर्षांच्या आत लापशी मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सरासरी 46 टक्क्यांनी जास्त निघाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. अंगणवाडी योजना 1975 मध्ये देशात ज्या पहिल्या 33 ठिकाणी सुरू झाली त्यांत धारावी होती, म्हणजे हे शहर या प्रश्नाला नवखं नाही. रोखलेली पेन्शन थकबाकीसह देता येते. दीड वर्षाच्या मुलाच्या तोंडचे तीन महिने चौथ्या वर्षी देता येत नाहीत.

नियम याबाबतीत गप्प आहेत असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात म्हटलं आहे की आधार क्रमांक देता आला नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. दुसऱ्या कागदांवरून ओळख पटवून तो द्यायचा. त्याआधी ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना लेखी कळवलं होतं की आधार नाही किंवा बोट जुळत नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नये, आणि असं धान्य दिलं की त्याची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी. मला ही वही सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण दुसरी चूक, म्हणजे खऱ्या माणसाला न ओळखणं, मोजण्याचं साधन तीच आहे. मानखुर्द-गोवंडीच्या एम पूर्व वॉर्डातल्या सगळ्या दुकानांच्या वर्षभराच्या अशा नोंदी एकत्र केल्या, तर कोणत्या कामाच्या, कोणत्या वयाच्या माणसांचे अंगठे लागत नाहीत, कोणत्या गल्लीतून ते जास्त येतात, आणि चांगलं यंत्र आधी कुठे द्यायला हवं, हे आठवड्याभरात कळेल.

तोवर, अंगठा लागला नाही तर नुसतं परत फिरू नका. दुसरं ओळखपत्र दाखवा, वहीत नोंद करायला सांगा, आणि तरी धान्य मिळालं नाही तर 1967 या क्रमांकावर तक्रार करून तक्रार क्रमांक तारखेसह लिहून ठेवा. हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 8 खाली भत्ता मागता येतो, आणि तो मागताना हाताशी काही लेखी असलेलं बरं.