युगोस्लाव्हियातून स्वतंत्र देश: १९९१ ची अर्ज प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

युरोपीय समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाचा पूर्वावतार) परराष्ट्रमंत्र्यांनी १६ डिसेंबर १९९१ रोजी फुटत चाललेल्या युगोस्लाव्हियाच्या सहाही प्रजासत्ताकांना कळवलं: स्वतंत्र देश म्हणून मान्यता हवी असेल, तर २३ डिसेंबरपर्यंत अर्ज करा, निर्णय १५ जानेवारीला. म्हणजे मुदत जेमतेम आठवड्याची. आपल्याकडे साधा उत्पन्नाचा दाखलाही कित्येकदा याहून सावकाश निघतो.

पात्र कोण?
फक्त प्रजासत्ताकं. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोविना आणि मॅसिडोनिया यांनी अर्ज भरले. सर्बिया आणि माँटेनेग्रोनं भरले नाहीत. कोसोवोतल्या आल्बेनियन नेत्यांनी आणि क्रोएशियातल्या क्रायिना भागातल्या सर्बांनीही अर्ज धाडले होते, पण ते विचारातच घेतले नाहीत. कोसोवो हा सर्बियातला प्रांत होता, आणि क्रायिनाला तर तोही दर्जा नव्हता.

कागदपत्रे
संयुक्त राष्ट्रांची सनद, हेलसिंकी करार आणि पॅरिस सनद (शेवटचे दोन युरोपातल्या सुरक्षा आणि मानवी हक्कांबाबतचे) मान्य असल्याची लेखी हमी. अल्पसंख्याकांच्या हक्कांची हमी. बळानं सीमा बदलणार नाही असं वचन. सोबत राज्यघटना, संबंधित कायदे आणि छाननी आयोगानं पाठवलेल्या प्रश्नावलीची उत्तरं. शिवाय ग्रीसच्या आग्रहावरून एक खास अट घातली होती: शेजारच्या सदस्य देशाच्या भूभागावर दावा नको, आणि तसा दावा सूचित करणारं नावही नको. रोख उघडच मॅसिडोनियाकडे होता, कारण ग्रीसच्या उत्तर भागाचं नावही तेच.

छाननी
फ्रान्सचे रॉबेर बादँतेर अध्यक्ष असलेला पाच जणांचा लवाद आयोग. सगळे आपापल्या देशातल्या घटनात्मक न्यायालयांवरचे. ११ जानेवारीला त्यांचे अभिप्राय आले. स्लोव्हेनिया पास. मॅसिडोनियाही पास, त्यानं ६ जानेवारीलाच घटनादुरुस्ती करून कुणाच्याही भूमीवर दावा नसल्याचं लिहून दिलं होतं. क्रोएशियाच्या अर्जात त्रुटी: अल्पसंख्याकांच्या खास दर्जाची तरतूद अपुरी. बोस्नियाला सांगितलं, आधी सार्वमत घ्या.

पण शिक्कामोर्तब करणारे मंत्री होते, न्यायाधीश नव्हेत. जर्मनीनं तर छाननीची वाट न पाहता डिसेंबरातच स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाला मान्यता जाहीर केली होती. १५ जानेवारीला समुदायानंही त्याच दोघांना दिली. कागद पुरे असलेला मॅसिडोनिया लटकला, त्रुटीवाला क्रोएशिया सुटला.

बोस्नियानं २९ फेब्रुवारी-१ मार्च १९९२ ला सार्वमत घेतलं. बहुतेक सर्बांनी बहिष्कार घातला. ज्यांनी मत दिलं त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला. ६ एप्रिलला मान्यता मिळाली, तेव्हा राजधानी साराजेव्होला सर्ब फौजांचा वेढा पडत होता. सार्वमताची अट कागदावर रास्तच होती. सर्बांनी निकाल मानलाच नाही तर काय, याचं उत्तर मात्र कुठल्याच रकान्यात नव्हतं.

पुढचा टप्पा: संयुक्त राष्ट्रं
इथे महासचिवांकडे अर्ज आणि सनद पाळण्याचं घोषणापत्र द्यायचं. सुरक्षा परिषदेत किमान ९ मतं हवीत आणि नकाराधिकार वापरला जाता कामा नये. मग आमसभेत दोन तृतीयांश बहुमत. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया २२ मे १९९२ ला सदस्य झाले. मॅसिडोनियाला ८ एप्रिल १९९३ ला ‘माजी युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया’ या तात्पुरत्या नावानं घेतलं आणि इंग्रजी वर्णक्रमात ‘टी’खाली, थायलंडशेजारी बसवलं. नावाचा वाद २०१९ मध्ये ‘उत्तर मॅसिडोनिया’वर मिटला.

उरलेल्या सर्बिया-माँटेनेग्रोचं म्हणणं, आम्हीच जुना युगोस्लाव्हिया, आम्ही कशाला अर्ज करू? सप्टेंबर १९९२ मध्ये आमसभेनं ठरवलं की नव्यानंच अर्ज करावा लागेल. सर्बियाचा सत्ताधीश मिलोशेविच याच्या राजवटीनं तो केला नाही. ती कोसळल्यावर २७ ऑक्टोबर २००० ला अर्ज गेला, आणि १ नोव्हेंबरला सदस्यत्व मिळालंसुद्धा.