सारकोस्तीचं जेवण: ग्रीक गावातल्या तावेर्नाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ग्रीसमधल्या एखाद्या गावात दुपारी तावेर्नात, म्हणजे तिथल्या खाणावळीत जेवायला बसलं, तर अनेकांच्या ताटात मांस नसतं, चीज नसतं, अंडंही नसतं. तरी टेबलावर ताटल्या ठेवायला जागा उरत नाही. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास, सारकोस्ती, चालू असतो आणि माणसं मजेत जेवत असतात. उपवासाचं जेवण इतकं भरगच्च कसं झालं, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

इ.स. 325 च्या निकाया इथल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख आहे. पुढे 692 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या परिषदेने उपवासातल्या शनिवार-रविवारीही अंडी आणि चीज खायला मनाई केली. ऑर्थोडॉक्स, म्हणजे ग्रीसमधल्या बहुसंख्य ख्रिस्ती लोकांच्या परंपरेत मांस, दूध, अंडी आणि काटेवाले मासे वर्ज्य ठरले. ऑक्टोपस, माकूळ, कोळंबी, शिंपले यांना मात्र रक्त नसतं असं मानलं जात असल्याने ते चालतात. दूध-तूप-दह्यावर उपवास करणाऱ्या मराठी माणसाला हे ऐकून चक्रावायला होईल. काटेकोर नियमात ऑलिव्ह तेल आणि वाइनसुद्धा फक्त शनिवार-रविवारी चालतात. मठांत ते पाळतात. गावाकडे बरीच घरं पहिला आणि शेवटचा आठवडा कडक धरतात आणि मधल्या दिवसांत तेलाला मोकळीक देतात.

चर्चने काय खायचं नाही ते सांगितलं. काय खायचं ते डोंगराळ, खडकाळ जमिनीने ठरवलं. मसूर, हरभरे, बाकल्याच्या शेंगा, ऑलिव्ह आणि पावसाळी हिवाळ्यानंतर माळावर आपोआप उगवणारी रानभाजी, होर्ता. सुरी आणि पिशवी घेऊन ती खुडायला आजही बायका बाहेर पडतात. भाजी उकडायची, वर तेल आणि लिंबू, बस्स.

सांतोरिनी बेटाची फावा तर जवळून पाहण्यासारखी आहे. पिवळी डाळ मऊ शिजवून घोटतात, ताटलीत पसरतात, वर कच्चा कांदा, केपर नावाच्या झुडपाच्या कळ्या आणि तेलाची धार. ही डाळ लॅथिरस कुळातली, म्हणजे विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या अक्रोतिरी या वस्तीत तिचे दाणे सापडले आहेत. उपवासाचा नियम येण्याच्या कितीतरी आधीपासून हे बेट ती खात आलं आहे.

उलट ज्याला ग्रीक लोक आपलं राष्ट्रीय जेवण म्हणतात, त्या फासोलादा नावाच्या सूपमधला पांढरा घेवडा अमेरिका खंडातून आलेला. त्यातला टोमॅटोही तिथलाच. समुद्रापासून दूरच्या गावांना टिकाऊ मासा मिळाला तो उत्तर अटलांटिकातून खारवून येणाऱ्या कॉडमुळे. 25 मार्चला, येशूच्या जन्माची वार्ता मरियमेला मिळाल्याच्या सणाला, मासे खायला सूट असते. त्या दिवशी हा कॉड तळून लसणाच्या वाटणासोबत, स्कोर्दालियासोबत, घरोघरी होतो. 1821 च्या स्वातंत्र्ययुद्धाचा स्मरणदिनही तोच.

हे सगळं मुळात घरचं जेवण. गावच्या तावेर्नात पूर्वी मुख्य विक्री पिंपातल्या वाइनची. सोबत ऑलिव्ह, कांदा, खारा मासा, असलंच काहीतरी. बऱ्याच ठिकाणी तेच किराणा दुकान आणि कॉफीचा अड्डाही असे. दुसऱ्या महायुद्धानंतर गावं अथेन्स, जर्मनी, ऑस्ट्रेलियाकडे रिकामी होत गेली. सुट्टीला गावी येणाऱ्यांना आईच्या हातची चव हवी असते, आणि ती आता बऱ्याचदा तावेर्नात मिळते. उपवासाचा पहिला दिवस, ‘स्वच्छ सोमवार’, म्हणजे तर सार्वजनिक सुट्टीच. पतंग उडवायचे, बोटांनी खळगे पाडलेली, तीळ लावलेली लागाना ही चपटी रोटी, माशाच्या गाबोळीची तारामोसालाता आणि भाजलेला ऑक्टोपस.

भूमध्य समुद्राकाठच्या आहाराची कीर्ती ज्यामुळे पसरली, त्या अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या अभ्यासात क्रीट बेटावरची गावं होती. तिथली माणसं वर्षातले कितीतरी दिवस उपवास करत, हे त्यात हिशेबात धरलं गेलं नाही, याकडे पुढे क्रीटमधल्याच संशोधकांनी लक्ष वेधलं. मला ही उणीव मोठी वाटते. 2010 मध्ये युनेस्कोने हा आहार वारसा म्हणून नोंदवला, पण जगभर पोचलं ते ऑलिव्ह तेल. कधी काय सोडायचं याचं पंचांग मागेच राहिलं. बुधवार-शुक्रवार आणि बाकीचे उपवास धरले, तर नियम पाळणाऱ्याचं जवळजवळ अर्धं वर्ष असंच जातं.

जेवण संपलं की बऱ्याच तावेर्नांत मालक न मागता हलवा आणून ठेवतो. हा चक्क आपला शिराच, फक्त तुपाच्या जागी तेल. प्रमाण एक-दोन-तीन-चार: एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. रवा खरपूस भाजून त्यात उकळता पाक ओततात, साच्यात दाबून थंड करतात आणि उपडा करून वर दालचिनी भुरभुरवतात. त्याचे पैसे बिलात लावत नाहीत.