गाडी उंच केलीत? आधी शाफ्टचा कोन मोजून घ्या
ऑफ-रोड गाड्यांच्या मालकांसाठी आमच्या गॅरेजचं माहितीपत्रक

थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी उंच करून घेतली की सुरुवातीला सगळं झकास वाटतं. मग ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर साठ-सत्तरच्या पुढे सीटखालून थरथर सुरू होते आणि मालक येऊन सांगतात, ‘क्रॉस बदला, भारीतला टाका.’ क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाचा, त्याला तिरकं फिरू देणारा सांधा (युनिव्हर्सल जॉइंट). तो बदलण्याआधी आम्ही कोन मोजतो.

लिफ्ट किटमुळे बॉडी आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) वर जातात, एक्सल मात्र जिथल्या तिथे राहतो. ट्रान्सफर केसकडून एक्सलकडे ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्यामुळे जास्त तिरका होतो. गाडी आखूड असेल तर शाफ्टही आखूड, म्हणजे तेवढ्याच उंचीला कोन आणखी वाढतो. साधा क्रॉस तिरका फिरताना वेग एकसारखा पुढे देत नाही. दर फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा रेंगाळतो. 10 अंशांवर हा फरक दोन्ही बाजूंना दीड टक्का असतो, 20 अंशांवर सुमारे सहा. कोन दुप्पट झाला की त्रास चौपट! हायवेवर शाफ्ट मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेतो, तेव्हा हा हिशोब थेट पाठीला कळतो.

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि दोन्ही योक (क्रॉसला धरणारे चिमटे) एका रेषेत असतील, तर एका क्रॉसची चूक दुसरा भरून काढतो. म्हणून कोनांमधला फरक आम्ही एका अंशाच्या आत ठेवतो. शाफ्ट बाहेर कुठे उघडलात, तर आधी स्लिप जॉइंटवर (शाफ्टला लांब-आखूड होऊ देणारा दातेरी सांधा) रंगाची खूण करायला सांगा. एक दात चुकवून बसवलेला शाफ्ट नव्या क्रॉसवरही थरथरतो, आणि दोष बिचाऱ्या क्रॉसवर येतो.

कोन फारच वाढला असेल तर डबल कार्डन जॉइंट घ्यावा. यात ट्रान्सफर केसच्या बाजूला दोन क्रॉस जोडीने बसतात आणि तिरकेपणा आपसात वाटून घेतात. मात्र मग डिफरन्शियलचं (एक्सलवरच्या गिअरच्या डब्याचं) तोंड वर फिरवून जवळजवळ शाफ्टच्या रेषेत आणावं लागतं. तेवढं काम टाळून नुसता महागडा जॉइंट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. शाफ्टची लांबी बदलली तर बॅलन्सिंगही आलंच. चाक पूर्ण खाली लोंबल्यावर स्लिप जॉइंट आतून निसटत तर नाही ना, हे आम्ही गाडी जॅकवर घेऊन बघतो.

नव्या थारचं पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होतात. तिथे प्रत्येक चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टला सीव्ही जॉइंट (तिरके असतानाही वेग एकसारखा देणारे सांधे) असतात. उंची वाढली की त्यांच्यावरचा रबरी बूट ताणून फाटतो, आत चिखल शिरतो. तिथे उंची थोडी कमी करणं हाच आमचा सल्ला, मग दुकानदार काहीही म्हणो.

आता मजबुतीबद्दल. क्रॉस दणकट केला की तुटण्याची पाळी पुढच्या कमजोर भागावर येते, म्हणजे एक्सल शाफ्टवर किंवा डिफरन्शियलच्या गिअरवर. क्रॉस तुलनेने स्वस्त आणि रानातही बदलता येतो, डिफरन्शियल नाही. मोठे टायर आणि डिफ लॉक (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) घेतले नसतील, तर चांगल्या कंपनीचा मूळ मापाचा क्रॉस पुरतो.

ग्रीस निपलवाला (बाहेरून ग्रीस भरता येणारा) क्रॉस घ्यावा की सीलबंद? निपलसाठी आत भोक असतं, त्यामुळे तो किंचित कमजोर. तरीही पावसाळ्यात मुरबाड-कर्जतकडे ओढे ओलांडणाऱ्यांना आम्ही तोच देतो, कारण प्रत्येक फेरीनंतर नवं ग्रीस भरून पाणी-चिखल बाहेर ढकलता येतो. ग्रीस भरणार नसाल तर सीलबंदच बरा. क्रॉसच्या टोकांवरच्या कपांभोवती गंजासारखी तांबडी पूड दिसली किंवा रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना ‘टक्’ झालं, तर क्रॉस तपासून घ्या.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. आरटीओ आणि विमा कंपनीकडे आधी चौकशी करा. वॉरंटी चालू असेल तर शोरूममध्येही.

मोजणीला येताना गाडी रिकामी आणू नका. रूफ रॅक, विंच, जादा टायर, नेहमीचं सामान, सगळं चढवून आणा. वजनाने स्प्रिंग दबतात आणि कोन बदलतो.