गर्भपाताचा कायदा वेगळा आणि गर्भलिंग तपासणीचा वेगळा

"गर्भपात म्हणजे गुन्हाच ना?" असं चांगली शिकलेली माणसं पण विचारतात अजून, आणि त्यांना तरी काय बोलणार, प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमध्ये 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे' हा बोर्ड असतोच, पण गर्भपात कायदेशीर कधी असतो हे सांगणारा बोर्ड मी तरी कुठे बघितला नाही.

तर कायदे दोन आहेत. १९७१ चा एमटीपी गर्भपाताबद्दल, १९९४ चा पीसीपीएनडीटी लिंगतपासणीबद्दल (महाराष्ट्राने १९८८ लाच स्वतःचा केला होता, देशात पहिला). पीसीपीएनडीटीमध्ये गुन्हा घडतो तो सोनोग्राफीच्या खोलीत, म्हणजे मुलगा की मुलगी हे बघणं, सांगणं, त्याची जाहिरात करणं. पुढे गर्भ ठेवला तरी तो गुन्हाच. एमटीपीमध्ये २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं आणि कारणात गर्भनिरोधक फेल गेलं हे पण चालतं, २०२१ पासून ते अविवाहितांनाही लागू आहे. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात आणि तेही बलात्कार, अल्पवयीन मुलगी, मध्येच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली अशा ठराविक केसेसमध्ये, आणि २४ च्या पुढे गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांची समिती, ठरवतं. म्हणजे बाईने मागितलं आणि मिळालं असं इथेही नाहीये, शेवटचा शब्द डॉक्टरचाच, हे गर्भपाताच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पण स्पष्ट सांगायला हवं.

मुली कमी होत्या हे काही खोटं नाही. ० ते ६ वयात हजार मुलांमागे महाराष्ट्रात २००१ ला ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४, बीडमध्ये तर ८०७. पण २०१२ ला बीडचं बेकायदा लिंगतपासणी आणि गर्भपाताचं प्रकरण गाजल्यावर गर्भपाताच्या गोळ्यांवर पण करडी नजर आली आणि कितीतरी केमिस्टनी कटकट नको म्हणून त्या ठेवणंच बंद केलं. आता बघा, ह्या गोळ्या कायद्याने ९ आठवड्यांपर्यंतच देता येतात, तेव्हा सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळतच नाही! मग गोळी अडवून मुलगी कशी वाचली? उलट लवकर सोपं झालं असतं ते उशिरा आणि अवघड होऊन बसतं, नाहीतर बाई गुपचूप भलत्याच माणसाकडे जाते.

दोन्ही कायदे नवऱ्याकडे पण अगदी वेगळ्या नजरेने बघतात. लिंगतपासणी झाली तर कायदा धरूनच चालतो की बाईवर नवऱ्याने किंवा इतर नातेवाइकांनी जबरदस्ती केली, नाही केली हे त्यांनीच सिद्ध करायचं. आणि गर्भपाताला, बाई १८ च्या वरची असेल तर, फक्त तिचीच सही लागते. दवाखान्यात "मिस्टरांना घेऊन या" म्हणतात ना, ते कायद्यात कुठेच लिहिलेलं नाहीये.